एक्याण्णव सेंटिमीटर

"लागलं का?" ताईने विचारलं.

विहिरीच्या कठड्यावर पोट टेकून मामा खाली वाकले होते आणि पोलादी टेप हातातून सरसर सुटत होती. टेपच्या टोकाला शिशाचं वजन, आणि टोकाकडच्या हातभर पट्टीवर खडू फासलेला. खडू म्हणजे शाळेतला, पांढरा. टोक पाण्यात बुडालं की खडू भिजून गडद होतो. जिथवर भिजला तिथवर पाणी. एवढं साधं शास्त्र. वजन तळाला टेकलं तेव्हा थप्प असा मऊ आवाज आला. मामांनी टेप वर ओढून घेतली. खडू कोरडा ठणठणीत होता. शिशाच्या बुडाला तेवढा काळा गाळ लागला होता.

"अरे, तोंडात काय गुळणी धरलीयस? पाणी लागलं का?"

"गाळ लागला."

"म्हणजे ओल आहे."

"ओल आहे, ताई. पाणी नाही."

"ओलीवर जगायला मी काय गांडूळ आहे?" ताई म्हणाली आणि स्वतःच हसली. मामांना हसू आलं नाही. त्यांनी फडक्याने टेप पुसली, गुंडाळली आणि खिशातली वही काढून तारीख घातली. तारखेपुढे काय लिहायचं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ‘कोरडी’ असं लिहिलं. ही विहीर खात्याची नव्हती, ताईची होती, तरी मामा तिचं माप घ्यायचे. सवय, दुसरं काय.

घरामागची ही लांबोडकी जागा म्हणजे ताईची रोपवाटिका. दाजी होते तेव्हा दोघांनी मिळून उभी केलेली. ऐन भरात असताना इथे पाच हजार रोपं असायची आणि गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं राहायचं. आता भिंतीला लागून सव्वाशेक कुंड्या उरल्या होत्या. टँकर एक दिवसाआड यायचा, तोही मनात आलं तर. जी रोपं जगवता येणार नाहीत ती ताई येईल त्याला देऊन टाकत होती. पुढच्या महिन्यात तिने लेकीकडे राहायला जायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे लेकीने ठरवलं होतं. ताई अजून ‘बघू’ म्हणत होती. कारण आज वरच्या कारखान्याच्या पाणीउपशावर खात्याची सुनावणी होती, आणि सुनावणीत आपण जिंकणार याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"अकराला पोचायचंय," ती म्हणाली. "शर्ट बदल. चिखल लागलाय पोटाला. आणि तिथे घुम्यासारखा बसू नकोस. मी बोलेनच, पण तुला विचारलं तर ठणकावून सांग की तुझे आकडे वर कचेरीत बदलले म्हणून."

मामांनी शर्टाकडे पाहिलं. खरंच चिखल लागला होता. त्यांच्या वरच्या खिशात चौघडी केलेला एक कागद होता, तो चिखलाने ओला तर झाला नाही ना हे त्यांनी हळूच चाचपून बघितलं.

आता हे मामा कोण ते सांगायला हवं. त्यांना नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. भाची लहान असताना तिने आपल्या मामाला ‘मोजमामा’ म्हणायला सुरुवात केली आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. वस्तीत मोजमामा, कचेरीत मोजमामा, साहेबसुद्धा मोजमामा. पाणीखात्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. परिसरात खात्याच्या निरीक्षणाच्या सव्वीस विहिरी होत्या. महिन्यातून एकदा प्रत्येकीत टेप सोडायची, पाणी किती खोल आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पाणी उपसायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, अडवायचंही नाही. नुसतं बघायचं आणि खरं ते लिहायचं. मामांच्या हातून बोटभराची चूक होत नाही असं खात्यात बोललं जायचं. मामा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण ऐकायचे हो! बायको चिडवायची, "पेल्यातलं दूधसुद्धा मोजून पितात आमचे हे." त्यावरही ते खूश व्हायचे.

लोकांना वाटतं, जमिनीच्या पोटात मोठं तळं असतं आणि आपापल्या विहिरीतून जो तो आपापला वाटा काढतो. तळंबिळं काही नसतं. दगडांच्या फटीत, वाळूच्या कणाकणांत पाणी मुरून बसलेलं असतं, कुठे दहा वर्षांचं, कुठे शेकडो वर्षांचं. एका जागी जोरात उपसलं की आजूबाजूचं तिकडे सरकू लागतं. आवाज होत नाही, वर काही दिसत नाही. एखादी बाई सकाळी बादली सोडते आणि दोर कमी पडतो, तेव्हा कळतं. हे आधी कळावं म्हणून तर खात्याने मामांना ठेवलं होतं.

वस्तीच्या वरच्या अंगाला जीन्स धुण्याचा कारखाना होता. कोरी करकरीत पँट घ्यायची आणि ती धुऊन धुऊन, दहा वर्षं वापरल्यासारखी विटकी करून विकायची, असा तो धंदा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताई म्हणाली होती, "अगं बाई, मग आमच्या ह्यांच्या पँटी का नाही घेत? फुकट देते!" पण धंदा जोरात होता. सात वर्षांपूर्वी कारखान्याने सहा खोल बोअर घ्यायची परवानगी मागितली. नियम असा होता की त्या भागातली पाण्याची पातळी पाच वर्षांत मीटरभरापेक्षा जास्त घसरली असेल तर परवानगी द्यायची नाही. त्या भागातली खात्याची विहीर म्हणजे चौदा नंबर. मामांच्या वहीप्रमाणे चौदा नंबर पाच वर्षांत घसरली होती एकोणचाळीस सेंटिमीटर. परवानगी मिळाली.

इथवर सगळं कागदोपत्री होतं. पण त्याआधी एक गोष्ट घडली होती, ती कुठल्याच कागदावर नव्हती. वस्तीतली माणसं धास्तावून ताईकडे आली होती. तुमचा भाऊ त्या खात्यात, त्याला विचारा, पाणी पुरेल ना? ताईने विचारलं. मामांनी तिच्याच ओट्यावर बसून वही उघडली, आकडे वाचून दाखवले आणि म्हणाले, "घट अगदी किरकोळ आहे. पुरेल." मग ताईने घरोघर जाऊन सांगितलं, माझा भाऊ म्हणतो पुरेल. त्या शब्दावर सगळ्यांनी ना-हरकतीच्या कागदावर सह्या केल्या.

तीन वर्षांत वरच्या आळीतल्या विहिरी आटल्या. मग मधल्या. मग ओढा, जो कधी आटेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. शेवटी ताईची विहीर. माणसं येता-जाता ताईला बोलून दाखवू लागली. कुणी तोंडावर, कुणी पाठीमागे. ताई एकेकाला पुरून उरली. "माझ्या भावाचं माप चुकूच शकत नाही," ती सांगायची. "त्याने बरोबर लिहिलं होतं. वर कचेरीत कुणीतरी पैसे खाऊन आकडे फिरवले." हे तिने इतक्यांदा सांगितलं की आता वस्तीत सगळे तेच बोलत होते. मामाही जुनी वही न उघडता हो ला हो करत होते, कारण आपलं माप चुकलेलं नाही एवढी त्यांना खात्री होती. मंगळवारपर्यंत.

मंगळवारी ते ताईकडे आवराआवरीला गेले होते. मागच्या भिंतीशी जाईचा वेल होता, दाट. तो वाळून कोळ झाला होता. ताई म्हणाली, उपटून टाक एकदाचा, बघवत नाही. मामांनी काटक्या ओढून काढल्या तेव्हा आत वेलाला आधार म्हणून रोवलेला लोखंडी पाइप दिसला. गुडघ्याच्या वर येणारा, गंजलेला. पण वरच्या टोकाशी पिवळ्या रंगाचा पट्टा होता आणि त्याखाली मामांच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं: १४.

मामा तिथेच मटकन खाली बसले. ताईला वाटलं, ऊन लागलं.

नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस त्यांना लख्ख आठवला. चौदा नंबर म्हणजे ताईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जमिनीतून वर आलेला एक पाइप. मागे येणाऱ्या एका ट्रकने तो ठोकरून वाकवला होता. टेप आत जाईना. मामांनी दाजींना हाक मारली. दाजी लोखंड कापायची करवत घेऊन आले, नेहमीप्रमाणे गाणं गुणगुणत, आणि वाकडा भाग त्यांनी असा सफाईने कापला की मामा म्हणाले, "दाजी, खात्यात लागा." दाजी म्हणाले, "तुमच्या खात्यात? नुसतं विहिरीत डोकावायचं नि पगार घ्यायचा? आजच लागतो." दोघं हसत होते तेवढ्यात ताई धावत आली. भाची बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. दाजींनी करवत तिथेच टाकली, पाइपचा तुकडा काखोटीला मारला आणि पळत सुटले. मामा त्यांच्या मागे.

दोन दिवसांनी येऊन मामांनी उरलेल्या पाइपच्या काठाला पिवळा रंग दिला. वहीत मात्र लिहायचं राहिलं.

माप घ्यायचं ते पाइपच्या वरच्या काठापासून. काठ खाली आला की माप तेवढं कमी भरतं. पाणी जागच्या जागी असलं तरी वर आल्यासारखं दिसतं. म्हणून काठ जरा जरी हलला तरी वहीत नोंद करायची आणि पुढच्या प्रत्येक मापात तेवढी भर घालायची. हे कामाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. मामांनी स्वतः चौघांना शिकवलं होतं. त्या महिन्यात पाऊस चांगला झाला होता, सगळ्याच विहिरी चढल्या होत्या. चौदा नंबर जरा जास्तच चढलेली दिसली तर मामांना आनंदच झाला. ते आपल्याच नादात होते. नव्या नातीचे फोटो पाकिटात घेऊन फिरत होते.

मंगळवारी त्यांनी ताईच्या नकळत तो गंजका तुकडा उपटला, त्यावर टेप धरली आणि तो परत रोवला. एक्याण्णव सेंटिमीटर. एकोणचाळीसात एक्याण्णव मिळवले की एक मीटर तीस होतात. परवानगी मिळताच कामा नये होती.

दाजींना जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे पाइप कापल्याचा दुसरा साक्षीदार कुणी नव्हता. चार महिन्यांत मामा निवृत्त होणार होते, सत्काराची भाषणंसुद्धा ठरली होती. पाइपचा तुकडा भंगारात टाकला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. हा विचार मामांच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटेपणा होईल. आला, आणि दोन रात्री त्यांच्या उशाशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोरा कागद घेतला, सगळं लिहून काढलं आणि खाली सही केली. सुनावणी संपली की तो कागद गुपचूप खात्याच्या मॅडमच्या हातात द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. पण त्याआधी ताईला सांगायचं. आजच, वाटेत.

वाट होती वीस मिनिटांची. ताई पुढे, तुरूतुरू. मामा मागे.

"ताई."

"काय?"

"जरा थांब. एक बोलायचं होतं."

ताई थांबली. मागे वळून तिने त्यांच्याकडे पाहिलं. सहासष्ट वर्षांची, उन्हाने रापलेली, नखांत कायमची माती. आई गेली तेव्हा मामा सहा वर्षांचे होते आणि ती चौदाची. शाळेत जाताना त्यांचा भांग हिनेच पाडला होता.

"बोल की."

चौतीस वर्षं खरा आकडा बेधडक सांगणारा माणूस, पण जीभ म्हणून उचलेना.

"तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय," ते म्हणाले.

"तो गेल्या वर्षापासून तुटलाय. हे बोलायला थांबवलंस होय रे? चल, उशीर होईल."

सभागृहात शंभरेक माणसं होती. पुढे टेबलाशी खात्याच्या मॅडम बसल्या होत्या. तरुण, तरतरीत, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. त्यांच्या डाव्या हाताला कारखान्याचा मॅनेजर, इस्त्रीची साधी पँट घातलेला. टेबलावर पाण्याच्या चार बाटल्या होत्या आणि वस्तीतली माणसं त्यांच्याकडे बघत होती.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो शांतपणे बोलला. परवानगी खात्याच्या आकड्यांवर मिळाली होती. त्यात कारखान्याचा हात नाही. पुढे पाऊस कमी झाला, लोकांनीही दारोदार बोअर मारले, पातळी घसरली. दोष एकट्या कारखान्याला कसा देता? शिवाय चारशे माणसं तिथे कामाला आहेत, त्यातली निम्मी इथलीच.

"बरोबर आहे," ताईची शेजारीण मागून म्हणाली. ती कारखान्यात पँटी उलटसुलट करायच्या कामावर होती. "पाणी पाहिजे हे खरं, पण माझा पगार बंद झाला तर मी ते पाणी उकळून पिऊ का नुसतं?"

कुणीतरी हसलं. मॅडमनी विचारलं, "अजून कुणाला बोलायचंय?"

मामांनी ताईकडे पाहिलं, पण ती उभी राहिलीसुद्धा होती.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "मी काही शिकलेली नाही. पण एवढं सांगते, हे सगळं खोट्या आकड्यांवर उभं आहे. माझा भाऊ तुमच्याच खात्यात आहे. हा काय इथे बसलाय. चौतीस वर्षांत त्याचं माप बोटभर चुकलेलं नाही. त्याने बरोबर लिहिलं आणि तुमच्या कचेरीत कुणीतरी ते फिरवलं. त्याच्या शब्दावर मी घरोघर जाऊन सांगितलं होतं, सह्या करा म्हणून. माझा शब्द गेला त्याचं काही नाही, पण त्याच्या कामाला बट्टा लागलेला मी खपवून घेणार नाही. विचारा त्याला! ऊठ रे, सांग."

सगळ्या माना मामांकडे वळल्या. मॅडमचा चेहरा लाल झाला होता. त्यांच्या शेजारी कचेरीतला जुना कारकून बसला होता, मामांच्या बरोबरीने खात्यात लागलेला. इतकी वर्षं मामांच्या वहीतला आकडा न् आकडा त्याच माणसाने मोठ्या रजिस्टरात उतरवला होता. तो मामांकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

मामा उठले. खिशातला कागद त्यांनी काढला, उघडला, आणि वाचायला चष्मा नाही हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा ते तसेच बोलले.

"आकडे कुणी बदललेले नाहीत," ते म्हणाले. "मी लिहिले तेच वर गेले. चूक माझी आहे."

ताई म्हणाली, "काय बोलतोयस?"

मामांनी सांगितलं. ट्रक, वाकलेला पाइप, करवत, वहीत राहून गेलेली नोंद. भाचीच्या बाळंतपणाचं त्यांनी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर सबब दिल्यासारखं झालं असतं. "एक्याण्णव सेंटिमीटर," ते म्हणाले. "पाणी खाली जात होतं आणि माझ्या वहीत ते जागेवर होतं. खरं माप लिहिलं असतं तर परवानगी मिळाली नसती. कापलेला तुकडा ताईच्या बागेत रोवलेला आहे, मॅडम. त्यावर माझंच अक्षर आहे. कुणालाही पाठवून मोजून घ्या."

मग मागून एका म्हाताऱ्याने स्वतःशी बोलल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हणजे आमच्या विहिरी ह्याच्या विसरण्यात गेल्या?" आणि मग एकदम कल्ला झाला. मॅनेजर मॅडमच्या कानाशी लागला. शेजारीण कपाळाला हात लावून बसली. मॅडमनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, मामांचा कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला.

"परवानगी चुकीच्या नोंदीवर दिली गेली असेल तर ती रद्द होऊ शकते," त्या म्हणाल्या. "हे मी आजच वर पाठवते. उपसा थांबवण्याचा आदेश निघू शकतो." मग हळू आवाजात त्या म्हणाल्या, "मामा, तुमचीही चौकशी होईल."

"होऊ दे," मामा म्हणाले.

वस्तीतल्या काहीजणांना आता कळलं की आपण जिंकलो. कुणी टाळी वाजवली, ती एकटीच वाजून थांबली. ताई मात्र अजून उभीच होती. तिने भावाकडे पाहिलं नाही. मॅडमकडेही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत तिने विचारलं, "उपसा थांबला तर माझ्या विहिरीत पाणी कधी येईल?"

मॅडम म्हणाल्या, "ते सांगणं कठीण आहे, आजी. अभ्यास करावा लागेल."

"मी तुम्हाला नाही विचारलं," ताई म्हणाली. "मी त्याला विचारलं."

मामांना उत्तर माहीत होतं. मंगळवारपासून त्यांनी तो हिशेब पाचसहा वेळा करून पाहिला होता. वर्षाला पाऊस किती, त्यातला मुरतो किती, खाली खड्डा केवढा पडलाय. हिशेब दर वेळी तोच आला होता. लहानपणी ताई त्यांना म्हणायची, खोटं बोललास तर मला तुझ्या कानावरून कळतं. त्यांचे कान आता तापले होते.

"पंप उद्या थांबले," ते म्हणाले, "तरी तीस वर्षं. पाऊस चांगला झाला तर पंचवीस."

"म्हणजे माझ्या हयातीत नाही."

"नाही, ताई."

"तुझ्या?"

"माझ्याही नाही."

ताईने मान हलवली, खुर्चीवर ठेवलेली पिशवी उचलली आणि रांगेतून वाट काढत बाहेर गेली. लोकांनी पाय मागे घेऊन तिला वाट दिली.

मामांना बाहेर पडायला वेळ लागला. जबाब लिहून द्यायचा होता, सह्या होत्या. निघताना जुना कारकून दाराशी उभा होता. मामा त्याच्यासमोर थांबले, काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं. कारकून म्हणाला, "जा आता. ताईंकडे जा."

घराचं दार उघडंच होतं. आत भांडी कागदात गुंडाळायचा आवाज येत होता. मामा उंबऱ्याशी थांबले. आपण आत जावं की नाही हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळेना. या घरात त्यांनी कधी हाक मारून प्रवेश केला नव्हता.

"ताई," ते म्हणाले. "मी त्या दिवशी लिहायला विसरलो गं. पोरीची बातमी आली ना, त्या गडबडीत. मी सकाळी वाटेत सांगणार होतो तुला. माझी हिंमत झाली नाही."

भांड्यांचा आवाज थांबला.

"तुझे दाजी त्या दिवशी अनवाणीच पळाले होते," ताई आतून म्हणाली. तिचा आवाज रडून बसलेला होता. "दवाखान्यात पोचल्यावर कळलं त्यांना." आणि थोड्या वेळाने, "चारचौघांत तोंडघशी पाडलंस रे मला. आधी सांगायचं होतंस. मी मारलं असतं का तुला?"

मामा उंबऱ्यावरच बसले. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी आवरलं नाही. दाजी गेले तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते.

रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. ताई पदराने तोंड पुसत बाहेर आली, दोन बादल्या घेऊन त्यांच्या अंगावरून गेली आणि रांगेत उभी राहिली. रांगेत कुणी तिच्याशी बोललं नाही. शेजारणीने मात्र स्वतःची बादली भरून झाल्यावर नळी ताईच्या बादलीत धरली.

मामा उठून मागच्या बागेत आले तोवर तिने एका कडेने कुंड्यांना पाणी घालायला सुरुवात केली होती. दुसऱ्या बादलीत एक मग टाकून तिने ती त्यांच्या बाजूला सरकवली.

"त्या टोकाकडून घाल," ती म्हणाली. "एकेकीला अर्धा मग. जास्त नको. नीट बघून घाल."

मामा गुडघ्यांवर बसले. अर्धा मग, पुढची कुंडी, अर्धा मग. प्रत्येक वेळी ते मग डोळ्यांच्या रेषेत धरून बघत होते. दोघं दोन टोकांकडून एकमेकांकडे सरकत होते. मध्ये चाळीसेक कुंड्या उरल्या असतील तेव्हा आधी ताईची बादली संपली, मग मामांची. मामांनी बादली तिरपी करून तळातलं गोळा केलं, ते एका कुंडीपुरतं झालं.

ताई उठली, कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग न भिजलेल्या कुंड्यांपैकी एक तिने उचलली आणि भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवली. मग दुसरी. मामाही उठले. अंधार पडेपर्यंत दोघं त्या कुंड्या एकेक करून सावलीत नेत राहिले.